चाळीसगावातल्या एका बाईंची बीजगणिताची शिकवणी : सतरा नंबरचा फॉर्म भरणाऱ्यांसाठी

मी या मार्चमध्ये दहावीची परीक्षा दिली. वय ३६. नववीनंतर शाळा सुटली, पुढे लग्न, मग शिलाई मशीन. सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बसले आणि पास झाले. गणितात १०० पैकी ५७. हा आकडा आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. नव्वदच्या वर गुण हवे असतील तर ही शिकवणी तुमच्यासाठी नाही. पण ज्यांचं गणित सहावी-सातवीतच कुठेतरी सुटलंय, वहीत क्ष दिसला की ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांनी पूर्ण वाचावं.

फॉर्म भरला तो टपाल खात्यामुळे. ग्रामीण डाक सेवकाच्या जागा निघतात, त्याला दहावी पास लागतं, आणि नुसतं पास नाही, गणित आणि इंग्रजी हे दोन विषय पास झालेले लागतात. वयाची अट साधारण ४० पर्यंत. म्हणजे माझ्या हातात चारच वर्षं होती. मराठी, इतिहास, हिंदी यांची मला भीती नव्हती. भीती गणित भाग १ ची, म्हणजे बीजगणिताची. ४० गुणांचा पेपर, दोन तास. भूमितीचा तसाच दुसरा ४० चा, आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे.

आधी मी गावातल्या एका मोठ्या क्लासला गेले होते. नाव लिहीत नाही, कारण तिथे शिकून पुढे गेलेली मुलंही मला माहीत आहेत. दोन महिन्यांचा क्रॅश कोर्स, साडेचार हजार रुपये एकरकमी. एका हॉलमध्ये साठ-सत्तर मुलं आणि मागच्या बाकावर मी. सर पहिल्याच दिवशी वर्गसमीकरणाचं सूत्र फळ्यावर लिहून मोकळे झाले. तिसऱ्या दिवशी मी धीर करून विचारलं, "सर, पलीकडे नेल्यावर चिन्ह का बदलतं?" सर म्हणाले, "मावशी, ते तसंच असतं, पाठ करा." मुलं हसली नाहीत, उलट पुढच्या बाकावरच्या एका मुलीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, तिलाही तेच विचारायचं होतं असं वाटलं. मी अकरा दिवस गेले. पैसे परत मिळाले नाहीत.

मग आमच्या गल्लीत पिको-फॉलला साडी टाकणाऱ्या एका ताईंनी या बाईंचं नाव सांगितलं. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या आसपास. पाटी नाही, जाहिरात नाही, म्हणून मीही इथे नाव-पत्ता टाकत नाही. त्यांना ते आवडणार नाही. स्टेशनच्या बाजूच्या वस्तीत कुणालाही 'गणिताच्या बाई' म्हणून विचारलं तर घर दाखवतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी सात ते साडेआठ. महिना ४०० रुपये, महिना संपल्यावर द्यायचे. मोठ्या माणसांची तुकडी वेगळी असते. माझ्या वेळी आम्ही नऊ जण होतो : दोघी अंगणवाडीत मदतनीस, एक रिक्षावाले दादा, एक मुलगा जो दोनदा गणितात राहिला होता, एक आजी ज्यांना फक्त सर्टिफिकेट भिंतीवर लावायचं होतं, आणि बाकीच्या माझ्यासारख्या.

पहिल्या दिवशी बाईंनी दहावीचं पुस्तक पिशवीतून बाहेरच काढू दिलं नाही. कोऱ्या कागदावर दहा गणितं दिली. त्यातलं एक होतं, ३क्ष + ५ = २०. मी लिहिलं, ८क्ष = २०. दुसरं, ३क्ष = १५. मी लिहिलं, क्ष = १५ – ३ = १२. मला वाटलं होतं हे तरी बरोबर आहे, कारण ३ पलीकडे नेला आणि चिन्ह बदललं. बाईंनी कागद पाहिला, चूक की बरोबर काहीच लिहिलं नाही. विचारलं, "अगं, तू काम काय करतेस?" मी म्हटलं, ब्लाउज शिवते. म्हणाल्या, "मग पुढच्या वेळी टेप, खडू आणि कापडाचा एक तुकडा घेऊन ये."

तो दुसरा दिवस मी जरा सविस्तर सांगते, कारण माझं बीजगणित तिथे सुरू झालं.

बाईंनी सगळ्यांसमोर मला कापड कापायला लावलं. ३६ छाती. मी नेहमीसारखं केलं, कापडाची घडी घातली, छातीचा चौथा भाग ९ इंच, त्यात शिलाईचे आणि सैलपणाचे दीड इंच, साडेदहावर खडूची खूण. बाई म्हणाल्या, "३८ ची असती तर?" साडेनऊ अधिक दीड, अकरा. "३२ ची?" आठ आणि दीड, साडेनऊ. "आणि बाई अजून आलीच नाही, माप माहीतच नाही, तर?" मी गप्प. बाईंनी फळ्यावर लिहिलं : क्ष भागिले ४, अधिक दीड. म्हणाल्या, "हे तू रोज दहा वेळा करतेस. क्ष म्हणजे ती बाई, जी अजून दुकानात आली नाही."

मग उलट विचारलं. "कापलेला भाग मिळाला, १० इंच भरतो. कुणाचा आहे?" मी एका दमात म्हटलं, ३४ चा. "कसं काढलंस?" मला सांगताच येईना. हाताने येत होतं, तोंडाने येत नव्हतं. बाईंनी थांबून वाट पाहिली, दोन मिनिटं असतील, खूप वाटली. मग मी म्हटलं, आधी शिलाईचे दीड काढले, साडेआठ राहिले, मग घडी उलगडली, चार पट केलं. बाई म्हणाल्या, "आधी घडी उलगडून मग दीड काढले असते तर?" चाळीस वजा दीड, साडेअडतीस. चुकलं असतं, ब्लाउज बिघडला असता. "म्हणजे जे शेवटी घातलं ते आधी काढायचं. समीकरण सोडवणं म्हणजे एवढंच."

३क्ष + ५ = २० कडे मी परत गेले तेव्हा ५ मला शिलाई दिसले आणि ३ म्हणजे घडी. शिलाई काढली, ३क्ष = १५. घडी तिहेरी होती, एक पदर ५. घडीतून ३ वजा कसे करणार? घडीला भागायचं असतं. इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

त्यानंतर महिनाभर वर्गात 'पलीकडे नेलं' हा शब्द बोलायला बंदी होती. बोलायचं ते असं : दोन्ही बाजूंतून ५ काढले, दोन्ही बाजूंना ३ ने भागलं. प्रत्येक ओळीत लिहायचं. रिक्षावाले दादा वैतागायचे, एवढं कशाला लिहायचं म्हणून. पण बाई ऐकायच्या नाहीत. आणि प्रत्येक गणिताखाली ताळा, म्हणजे आलेली किंमत मूळ समीकरणात घालून डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी येते का ते पाहायचं. ताळा नसेल तर वही तपासायच्याच नाहीत, परत द्यायच्या. ही एक सवय मला परीक्षेत गुण देऊन गेली, कारण दोन चलांच्या, म्हणजे क्ष आणि य अशा दोन अज्ञात संख्यांच्या, उदाहरणात माझं उत्तर चुकलं होतं आणि ते मला तिथेच कळलं.

पुस्तकं त्या सहावीपासून घेतात. सहावीच्या पुस्तकातला पूर्णांक संख्यांचा धडा आणि समीकरणांचा धडा, मग सातवीतल्या बैजिक राशी, आठवीतली एका चलातील समीकरणं आणि अवयव. मला ती माझ्या मुलीचीच जुनी पुस्तकं मिळाली. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी विकत घेऊ नका, बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळ्या इयत्तांची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. ऑगस्टमध्ये सुरू केलं आणि दहावीचं पुस्तक उघडलं ते नोव्हेंबरच्या शेवटी. मधल्या काळात मला फार धाकधूक होती. क्लासची मुलं ऑक्टोबरमध्ये सगळा अभ्यासक्रम संपवून बसली होती आणि मी सहावीची गणितं करत होते. घरी यांनीही एकदा विचारलं, अगं, परीक्षा दहावीची आहे ना? पण डिसेंबरमध्ये जेव्हा दोन चलांतील रेषीय समीकरणं आली तेव्हा ती अडली नाहीत. अडायचं जे होतं ते मागेच निघून गेलं होतं.

ऋण संख्यांवर बाई सगळ्यात जास्त वेळ देतात, आणि ते बरोबरच आहे. आमच्यापैकी आठ जणांचं तिथेच अडत होतं. ऋण गुणिले ऋण धन का, यावर त्यांनी आम्हाला काही पाठ करायला सांगितलं नाही. फळ्यावर एकाखाली एक लिहिलं : ३ गुणिले –२ बरोबर –६. २ गुणिले –२ बरोबर –४. १ गुणिले –२ बरोबर –२. ० गुणिले –२ बरोबर ०. आणि खडू आजींच्या हातात दिला. आजींनी उत्तरांचा रकाना वरून खाली पाहिला, "दर वेळी दोन वाढतायत की," असं म्हणाल्या आणि पुढच्या ओळीत –१ गुणिले –२ बरोबर २ लिहिलं. मग –२ गुणिले –२ बरोबर ४. कुणी सांगितलं नव्हतं. आजी सातवी शिकलेल्या.

एका शुक्रवारी लाइट गेली. बाईंनी मेणबत्ती लावली, आणि गणित न घेता भास्कराचार्यांचं सांगितलं. आम्ही सगळे पाटणादेवीला देवीच्या दर्शनाला जाऊन आलेलो, लहानपणापासून. पण तिथला शिलालेख १२०७ सालचा आहे, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला त्याचा तो लेख आहे, हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. भास्कराचार्यांच्या बीजगणितात क्षच्या जागी 'या' लिहीत. यावत्तावत्. जितकं असेल तितकं. दुसरी अज्ञात संख्या आली तर 'का', म्हणजे कालक, तिसरी 'नी', म्हणजे नीलक. रंगांची नावं. ऋण संख्येवर एक टिंब द्यायचे. माझ्या दुकानात रिळं रंगांप्रमाणे लावलेली असतात, मला ते फार जवळचं वाटलं. आमच्या तालुक्यात आठशे वर्षांपूर्वी हे शिकवायला मठ होता आणि मी इथेच वाढून क्षला घाबरत होते. घरी येऊन मुलीला सांगितलं तेव्हा तिने वहीच्या पहिल्या पानावर 'या' लिहून ठेवलं.

शाब्दिक उदाहरणं बाई पुस्तकातून आधी देत नाहीत. आधी आपण आपलं बनवायचं. मी बनवलेलं असं होतं : एका दिवशी ७ ब्लाउज शिवले, साध्याची शिलाई १५०, अस्तराच्या ब्लाउजची ३००, एकूण १५०० मिळाले, तर कोणते किती? साधे क्ष, अस्तराचे य. क्ष + य = ७. १५०क्ष + ३००य = १५००, सगळ्याला १५० ने भागलं, क्ष + २य = १०. दुसऱ्यातून पहिलं वजा, य = ३, क्ष = ४. चार साधे, तीन अस्तराचे. रिक्षावाले दादांनी मीटरचं बनवलं. पुस्तकात अक्षरं इंग्रजी असतात, एक्स आणि वाय. बाई डिसेंबरपासून फळ्यावरही तीच लिहायला लागतात, म्हणजे पेपरात परकी वाटत नाहीत.

दहावीच्या सहा धड्यांपैकी त्यांनी आमच्यासाठी जो क्रम लावला तोही सांगते. आधी दोन चलांतील समीकरणं, मग संभाव्यता, मग सांख्यिकी, मग अर्थनियोजन, मग अंकगणिती श्रेढी आणि शेवटी वर्गसमीकरणं. संभाव्यता दुसऱ्या नंबरवर का, तर ती मागच्या कशावर फार अवलंबून नाही आणि लवकर जमते, माणसाला हुरूप येतो. सांख्यिकीत आकडेमोड मोठी पण पायऱ्या ठरलेल्या. जीएसटीची गणितं मला सोपी गेली. वर्गसमीकरणात अवयव आणि सूत्र या दोनच रीती पक्क्या करून घेतल्या.

२३क्ष + २७य = ७७ आणि २७क्ष + २३य = ७३, असं जोडीचं उदाहरण आलं की घाबरून मोठे गुणाकार करायचे नाहीत. बेरीज केली तर ५०क्ष + ५०य = १५०, म्हणजे क्ष + य = ३. वजाबाकी केली तर ४क्ष – ४य = –४, म्हणजे क्ष – य = –१. क्ष १, य २. हे त्यांनी 'आधी बघ, मग लिही' या एका वाक्याने शिकवलं.

पेपरची रचना त्या फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवतात. पहिला प्रश्न ८ गुणांचा, बहुपर्यायी आणि एकेका गुणाचे. दुसऱ्यात कृती पूर्ण करा, ३ पैकी २, आणि दोन-दोन गुणांची ५ पैकी ४. तिसऱ्यात परत एक कृती आणि तीन-तीन गुणांची ४ पैकी २. चौथ्यात चार गुणांची ३ पैकी २. पाचवा ३ गुणांचा, २ पैकी १. आमच्यासारख्यांनी पहिले दोन प्रश्न म्हणजे २० गुण नीट करायचे, मग तिसऱ्याकडे जायचं. कृतीच्या चौकटी आधीपासून अर्ध्या भरलेल्या असतात, त्या सोडून येणं हा गुन्हा आहे, असं बाई म्हणायच्या.

आता ज्या गोष्टी मला पटल्या नाहीत, त्या. घड्याळ लावून पेपर सोडवून घेणं बाईंना आवडत नाही. त्यांना वाटतं, समजलं की वेग आपोआप येतो. माझ्या बाबतीत तो आला नाही. जानेवारीत मी घरी जुना पेपर दोन तास लावून सोडवला तर चौथा आणि पाचवा प्रश्न तसाच राहिला, म्हणजे ११ गुण हातचे गेले. मी रडले त्या रात्री. मग रोज पहाटे पाच ते सात, मशीन सुरू करायच्या आधी, एक पेपर. असे चौदा पेपर सोडवले. बाईंना मी हे सांगितलं, की डिसेंबरपासूनच दर शनिवारी एक पेपर वेळेत घ्यायला हवा. त्यांनी ऐकून घेतलं, वहीत लिहून ठेवलं. पुढच्या तुकडीला घेतील असं वाटतं.

दुसरं, दिवाळीला त्या नाशिकला लेकीकडे जातात, पूर्ण तीन आठवडे वर्ग बंद. आधी सांगतात, पण त्या तीन आठवड्यांत हाताची सवय जाते. त्या काळात मी यूट्यूबवरचे मराठीतले व्हिडिओ पाहिले, हेमिंग करताना समोर फोन ठेवून. समजलेला भाग परत पाहायला ते चांगले. पण व्हिडिओला तुमची वही दिसत नाही. मी ऋण चिन्ह कंसाच्या आत नेताना फक्त पहिल्या पदाचं बदलते, दुसऱ्याचं विसरते, हे मला व्हिडिओ कधीच सांगणार नव्हता. बाईंनी हिरव्या पेनाने सलग पाच पानांवर त्याच जागी गोल केले तेव्हा दिसलं.

तिसरं, जागा लहान आहे. पडवीत सतरंजीवर बसावं लागतं, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पाट किंवा छोटं स्टूल न्यावं. आणि भूमिती त्या घेतात, पण जीव बीजगणितात जास्त आहे हे जाणवतं. माझे भूमितीतले गुण कमीच गेले असणार. मराठी माध्यमाखेरीज दुसरं त्या शिकवत नाहीत.

पैशाचा हिशेब : सात महिने, २८०० रुपये. एका अंगणवाडीच्या ताईंचे दोन महिने थकले होते, बाईंनी एकदाही विषय काढला नाही. आमच्या नऊ जणांपैकी सात गणितात सुटले. एक ताई मध्येच सोडून गेल्या, सासूबाई आजारी म्हणून. दोनदा राहिलेला तो मुलगा सुटला, ४१ ने. आजींना ३८. रिक्षावाले दादा राहिले, जुलैच्या पुरवणी परीक्षेला बसणार आहेत आणि बाई त्यांना आता एकट्याला बोलावतात, रविवारी सकाळी.

डाक सेवकाची निवड दहावीच्या गुणांवरून लागते, आणि माझे एकूण ६१ टक्के आहेत, त्यामुळे पहिल्या यादीत नाव लागेल असं मी धरून बसलेले नाही. अर्ज भरायचाच आहे. मधल्या काळात बारावीचा सतरा नंबरचा फॉर्म कधी निघतो त्याकडे लक्ष ठेवून आहे.

नवी तुकडी शाळा उघडल्या की सुरू होते, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात. दहाच जण घेतात. जाताना दोनशे पानी वही न्या, चौकटीची नको, एकेरी ओळींची, आणि पाटी-पेन्सिल नक्की न्या. ऋण संख्यांचा महिना त्या पाटीवरच करून घेतात. पहिल्या दिवशी दहा गणितं देतील. येत नसतील तर कोरा कागद देऊ नका, जे सुचेल ते लिहा. त्या चुकीवरूनच तुमचं कुठे सुटलंय ते त्यांना कळतं.